शांत भाग शांतच ठेवायचा: साकीनाक्याच्या गाळ्यात मराठी रॉक अल्बम

2 जून 2024, रविवार

आराखडा पक्का झाला. आठ गाणी, सगळी मिळून 38 मिनिटांच्या आसपास. दोन गिटार, बेस, ड्रम्स, एक आवाज. वादक एकाच खोलीत एकत्र वाजवणार, गायन नंतर चढवणार. ओव्हरडब, म्हणजे नंतर वरून चढवलेले ट्रॅक, जेवढे टाळता येतील तेवढे टाळायचे.

कानासमोर नमुना एकच आहे, स्लिंट या बँडचा 'स्पायडरलँड'. लुईव्हिल, केंटकीच्या चार पोरांनी तो ऑगस्ट 1990 मध्ये शिकागोत रेकॉर्डिंग इंजिनिअर ब्रायन पॉलसनकडे रेकॉर्ड केला. मार्च 1991 मध्ये टच अँड गो या कंपनीने तो काढला तोवर बँड मोडलाही होता आणि खप जेमतेमच झाला. पण रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीने 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात त्याला दहा तारे दिले, आणि पुढे पोस्ट-रॉक म्हणून जे वाजलं त्यातलं बरंचसं या सहा गाण्यांचं देणं लागतं. अल्बिनी 7 मेला गेला. माइक कुठे लावायचा यावर त्याने जितका जीव लावला तितका फार थोड्यांनी लावला असेल.

आपल्याला त्या अल्बमची शैली उचलायची नाही. घ्यायचं आहे ते त्यातलं शांत आणि मोठ्या आवाजातलं अंतर. पुटपुटल्यासारखं बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवून ठेवावा, आणि तेवढ्यात दोन्ही गिटार अंगावर याव्यात. हे अंतर टिकवायचं तर शांत भागाच्या खाली त्याहून शांत काहीतरी असावं लागतं, आणि मुंबईत नेमकी त्याचीच टंचाई आहे. तेव्हा पुढचा प्रत्येक निर्णय या एकाच कसोटीवर घासून घ्यायचा.

9 जून, रविवार

गाळ्याचं माप 18 फूट बाय 13 फूट, उंची 10 फूट. इंडस्ट्रियल इस्टेटचा शेवटचा मजला, वर पत्र्याची शेड. आजच मान्सून शहरात दाखल झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे पत्र्याचा प्रश्न लगेच दारात येणार.

एसी बंद करून खोलीत 31 डीबीए (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं डेसिबलमधलं माप), चालू असताना 42. एसी चालू ठेवून शांत टेक होणार नाही हे आकड्यातच दिसतं. रविवार सोडून इतर दिवशी शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर लादीतून येतो. 1440 आरपीएमची मोटर म्हणजे 24 हर्ट्झचा धक्का. कानाला तो जाणवत नाही, पण कंडेन्सर माइकच्या लेव्हलमध्ये सुई हललेली दिसते. माइक स्टँडच्या पायांखाली रबरी मॅट, माइकला शॉक माउंट आणि 35 हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर, एवढं केलं की तो मिक्सच्या वाटेत येत नाही.

विमानांचं वेगळं आहे. मुंबई विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास उड्डाणं-उतरणं, तीही रात्रंदिवस. भिंती वरच्या फ्रिक्वेन्सी अडवतात, पण 60 ते 250 हर्ट्झची गडगड आत येतेच आणि ती नेमकी बेस आणि फ्लोअर टॉमच्या घरात बसते. कापायला गेलं तर वाद्यही कापलं जातं. मोठ्या भागांत ती झाकली जाते. शांत भाग दोन विमानांच्या मधे बसवायचे.

लो एंडचं, म्हणजे खालच्या सुरांचं, गणित मांडलं. 30 अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला 349 मीटर धरला तर 13 फुटांच्या रुंदीत 44 हर्ट्झचा मोड, म्हणजे भिंतींमध्ये घुमून फुगणारा सूर, येतो, 18 फुटांच्या लांबीत 32चा, 10 फुटांच्या उंचीत 57चा. बेसच्या जाड तारेवरचा एफ 43.65 हर्ट्झ आहे. म्हणून बेसिस्ट मधल्या भिंतीशी बसला की एफ फुगतो आणि शेजारचा जी बारीक वाटतो. दोष बेसचा नाही, अँपचाही नाही. कॅबिनेट भिंतीपासून साडेतीन फूट पुढे आणलं की फरक लगेच कळतो.

पॅनल: 48 किलो घनतेची रॉकवूल, 50 मिमीच्या दोन स्लॅब एकावर एक, पाइनवुडची चौकट, वर मांजरपाट. पाठीमागे प्लायवुड लावायचं नाही. पावसाळ्यात प्लाय आणि भिंत यांच्यात बुरशी धरते, शिवाय पाठ उघडी असली की मागच्या चार इंचांच्या पोकळीचाही उपयोग होतो. कापड निवडताना तोंडाशी धरून फुंकर मारायची. हवा आरपार जात असेल तर ध्वनीही जाईल. मंगलदास मार्केटमध्ये पडद्याचं जाड कापड दिसायला छान मिळतं, पण त्यातल्या बऱ्याच कापडांना मागून लेप असतो आणि त्यावरून वरच्या फ्रिक्वेन्सी परततात. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत पॅनल, ड्रम्सवर छताला दोन. एका भिंतीला काहीच लावायचं नाही. खोली मेली की ड्रम्सही मरतात.

16 जून, रविवार

आजचा दिवस विजेचा.

सॉकेटमध्ये फेज ते अर्थ 231 व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ 7. हे सात दोनच्या खाली यायला हवेत. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा सैल जोड मेन बोर्डावर घट्ट केला, आता 1.4 आहे. त्यानंतर दोन्ही गिटार अँप, बेस अँप, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच 16 अँपिअरच्या पॉइंटवरून, एकाच बोर्डातून. वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोन अर्थमधला फरक केबलच्या शील्डमधून वाहतो आणि 50, 100, 150 हर्ट्झची हम उभी राहते. हम घालवायला प्लगची जाड पिन तोडण्याची पद्धत बऱ्याच जॅम रूममध्ये दिसते. ती जिवावर बेतू शकते. व्हॉल्व्ह अँपच्या आत 400 व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि ओठ माइकला, हात तारांना लागलेले असतात. अर्थचा हा लूप तोडायचाच असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट इंटरफेसमध्ये नेणारी डबी) घ्यावा आणि त्यावरचा अर्थ तोडणारा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा.

गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची हम वेगळी. ती हवेतून येते. इथून मेट्रोची लाइन 1 जवळ आहे आणि तिच्यावर 25,000 व्होल्ट एसी आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वेही पूर्वीच्या 1,500 व्होल्ट डीसीवरून आता त्याच 25,000 व्होल्ट एसीवर आहेत. शिवाय इस्टेटचा ट्रान्सफॉर्मर आहेच. पिकअपला दिशा कळते. गिटार घेऊन जागेवरच हळूहळू गोल फिरलं की एका कोनात हम एकदम बसते, तिथून पाव वळण घेतलं की परत चढते. तो कोन सापडला की लादीवर चिकटपट्टीने पावलांची जागा आखायची. दोन्ही गिटारवाद्यांची तोंडं त्यामुळे ड्रमरकडे न राहता खिडकीकडे झाली. नजरानजर व्हावी म्हणून एक आरसा टांगला.

एलईडी ट्यूबचे स्वस्त ड्रायव्हर बारीक कर्कश आवाज सोडतात. टेक चालू असताना ट्यूब बंद, एक साधा पिवळा बल्ब चालू.

30 जून, रविवार

पत्रा.

पावसाचा थेंब पत्र्यावर पडला की सगळा पत्रा वाजतो. हा आवाज 500 हर्ट्झपासून 8,000 हर्ट्झपर्यंत पसरलेला, म्हणजे गिटार आणि आवाज जिथे राहतात तिथेच. गेट (ठराविक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावला तर वाजणं थांबताना पाऊसही कापला जातो आणि कानाला ती उघडझाप पावसापेक्षा जास्त टोचते. नॉइज रिडक्शनने सिंबलची शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी होते. म्हणून उपाय छपरावरच करायला हवा.

केलं ते असं: पत्र्यावर आधी ताडपत्री, तिच्यावर गोणपाटाचे दोन थर, वरून नायलॉनची जाळी ताणून कडांना जीआय तारेने बांधली. क्रम उलटा चालत नाही. ताडपत्री वर आली की तीच ताशासारखी वाजते. गोणपाटाच्या धाग्यांत थेंब फुटतो आणि भिजलेलं गोणपाट वजनाने पत्रा दाबून धरतं, म्हणून त्याचा नाद मरतो. संततधारेत खोलीतलं माप 58 डीबीएवरून 44वर आलं. पन्हळीकडची बाजू मोकळी सोडायची, नाहीतर पाणी तुंबून भिंतीत मुरतं. पावसाळा संपला की गोणपाट काढून टाकायचं, सुकलेल्यात उंदीर घर करतात.

44 मध्ये मोठे भाग बिनधास्त होतात. शांत भागांना अजून पुरेसं नाही.

शटर ही दुसरी डोकेदुखी. बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला पट्ट्या खडखडतात. पडदा लावून काही होत नाही. पट्ट्यांच्या सांध्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले, खालच्या पट्टीवर लाकडी पाचर मारली. गेलं.

14 जुलै, रविवार

ड्रम्सचं मायकिंग. 22 इंची बेस ड्रम, 13चा टॉम, 16चा फ्लोअर, 14 बाय साडेसहाचा स्टीलचा स्नेअर. वर-खाली सगळीकडे एकेरी कोटेड हेड.

पावसाळ्यात ड्रमची कातडी ढिली पडते असं सर्रास म्हटलं जातं. ढोलकी, संबळ, पखवाज यांच्या बाबतीत ते खरंच आहे, ते चामडं पाणी ओढतं. ड्रम किटचं हेड पॉलिस्टरचं असतं, त्याला दमटपणाची फिकीर नाही. सूर हलतो तो तापमानामुळे आणि लाकडी हूप फुगल्यामुळे. एसीत लावलेला बेस ड्रम एसी बंद केल्यावर वीस मिनिटांत उतरतो. म्हणून सूर एसी बंद करून, खोली पुन्हा तापल्यावरच लावायचा.

स्नेअरच्या तारा बेस वाजताना आपोआप खरखरतात, आणि शांत भागात ही खरखर सगळ्यात आधी ऐकू येते. आधी कुठल्या सुराला खरखर येते ते बेसवर एकेक पट्टी वाजवून शोधायचं. आपल्याकडे ती बी फ्लॅटच्या आसपास होती. खालचं हेड त्या सुरापासून अर्धा-पाऊण सूर वर नेलं आणि तारांच्या दोन्ही बाजूंचे लग (हेड ताणणारे स्क्रू) पाव फेरा ढिले केले. तारा काढून ठेवणं हा उपाय नाही, गाण्याच्या मधोमध मोठा भाग येतो.

चार माइक, इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या पद्धतीने. पहिला स्नेअरच्या बरोबर वर, 40 इंचांवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या उजवीकडे, रिमपेक्षा जेमतेम वर, हाय-हॅटच्या दिशेने तोंड करून. या दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं हवं. टेपने नीट मोजता येत नाही, मधे सिंबल येतं. सुतळी घ्यावी. एक टोक ड्रमरने काठीने स्नेअरच्या मधोमध दाबून धरायचं, सुतळी पहिल्या माइकच्या तोंडापर्यंत ताणून तिथे गाठ मारायची, मग तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत न्यायची. सहा इंच फरक पडला तर एका माइकला ध्वनी 0.44 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही एकत्र केल्यावर 1,150 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स्नेअरचा फटका तिथेच असतो, तो पोकळ होतो. मग लोक ईक्यूने वाढवत बसतात, पण जे एकमेकांत खोडलं गेलंय ते ईक्यूने परत येत नाही.

तिसरा माइक बेस ड्रमसमोर डी112, भोकाच्या आत नाही, बाहेर चार इंच. चौथा स्नेअरला एसएम57. प्रत्येक माइकची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटवून ऐकली. ज्या बाजूला बेस ड्रम भरीव लागतो ती ठेवली. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठ्या फटक्याला उणे 10 डेसिबल. लाल दिव्याच्या जवळ जाण्यात फायदा नाही. 24 बिटांचा तळ खोलीच्या तळापेक्षा कितीतरी खाली आहे.

21 जुलै, रविवार

क्लिक ट्रॅक (लय मोजून देणारी टिकटिक) फक्त दोन गाण्यांना. बाकी ठिकाणी मोठ्या भागात लय मिनिटाला तीन-चार ठोक्यांनी चढते, ती चढू द्यायची. क्लिकने ती बांधली की शांत भागातून बाहेर पडताना जो जोर लागतो तोच जातो.

पाचवं गाणं सात मात्रांत आहे. एक-दोन-तीन मोजत गेलं की सगळे सातव्यावर अडखळतात. तीं तीं ना, धी ना, धी ना असा रूपक तोंडाने म्हणत वाजवलं की बसतं. फरक एवढाच की रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे भार नसलेल्या मात्रेवर, येते आणि इथे बेस ड्रम पहिल्यावर पडतो. तो भार ड्रमरने सांभाळायचा.

11 ऑगस्ट, रविवार

गिटार. बाहेर दमटपणा 88 टक्के, खोलीत एसी चालवून 60. ॲकुस्टिकची फळी फुगून तारा बाराव्या फ्रेटवर वर आल्या होत्या. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पिशव्या ठेवून त्या खाली आल्या. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास, पुन्हा वापरता येतं. ट्रस रॉडला हात लावायची घाई करू नये, दिवाळीत हवा कोरडी झाली की तोच मान उलटी वाकवेल.

एसीचा क्रम: टेकच्या आधी अर्धा तास चालू, मग बंद, पाच मिनिटं थांबायचं, सूर लावायचे, वाजवायचं. लगेच वाजवलं तर खोली तापत जाते, तारा उतरत जातात आणि आठ मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी दोन्ही गिटार एकमेकींशी भांडतात.

अँपचा आवाज शांत भागावर लावायचा आणि मोठा भाग पेडलने नाही, हाताने आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने काढायचा. डिस्टॉर्शन मुळातच कॉम्प्रेशन आहे. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) जास्त ठेवला की मोठा भाग फक्त खरबरीत होतो, मोठा होत नाही. गेन निम्मा केला आणि अंतर परत आलं. एसएम57 कोनच्या मध्यापासून दोन इंच बाहेर, जाळीपासून इंचभर.

1 सप्टेंबर, रविवार

सहा गाण्यांचे मूळ टेक झाले. उरलेली दोन पूर्णपणे शांत आहेत, ती या खोलीत सध्या होणार नाहीत. 7 तारखेला गणपती, 17ला अनंत चतुर्दशी. तोवर माइक पेटीत, फक्त एडिटिंग.

17 ऑक्टोबर, गुरुवार

दरवर्षी पावसाळ्यानंतर विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी सहा तास बंद ठेवतात. यंदा तो दिवस आजचा, सकाळी 11 ते संध्याकाळी 5. तारीख आधीच जाहीर होते. मुंबईत शांत काही रेकॉर्ड करणाऱ्याने ती कॅलेंडरवर लिहून ठेवावी. शेजारच्या गाळ्याला विनंती करून दुपारी 1 ते 3 कॉम्प्रेसर बंद ठेवून घेतला. खोलीत 27 डीबीए. या जागेत याआधी मिळालेलं नाही.

त्या दोन तासांत दोन्ही शांत गाणी, चौघं एकत्र. उरलेल्या वेळात गाण्यांमधलं बोललेलं गायन.

माइक रोडचा एनटी1, ज्याचा स्वतःचा नॉइज साडेचार डेसिबल आहे. डायनॅमिक माइक खोली कमी ऐकतो असा समज आहे. पॅटर्न आणि अंतर सारखं असेल तर दोघं खोली सारखीच ऐकतात. डायनॅमिकला हळू बोलण्यासाठी 60 डेसिबल गेन द्यावा लागतो आणि प्रीअँपची सळसळ वर येते, हा खरा फरक. ओरडण्याच्या भागांना मात्र एसएम7बी.

मराठी उच्चारांची वेगळी काळजी. भ, फ, ध, ख यांचा श्वास सरळ डायफ्रॅमवर आदळतो. माइक तोंडासमोर नको, नाकाच्या रेषेत, खाली कललेला, पाच इंचांवर. पॉप फिल्टर माइकपासून तीन इंच दूर, चिकटून लावला तर निरुपयोगी. 'चमचा'मधला च आणि स 6,000 हर्ट्झच्या वर टोचतात. डी-एसर (असे टोचणारे स, च आपोआप दाबणारं साधन) सगळ्या ट्रॅकला न लावता एकेक अक्षर हाताने दोन-तीन डेसिबल खाली घेतलं. वेळ जातो, पण श आणि ष बोबडे होत नाहीत. शब्दाच्या शेवटचा अ बोलण्यात गळतो, गाताना मात्र अभंगासारखा लांबतो. बोललेल्या कडव्यात तो गाळायचाच, तिथे लांबवला की कविता वाचल्यासारखं होतं.

10 नोव्हेंबर, रविवार

मिक्स. मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, आवाजातलं अंतर आवळणारा कॉम्प्रेसर 2:1, मोठ्या भागात जास्तीत जास्त दीड डेसिबल. शांत भागात सुई हलताच कामा नये.

फेडर ऑटोमेशन, म्हणजे ट्रॅकचा आवाज जागोजागी आखून कमी-जास्त करणं, एवढंच खरं साधन. मोठा भाग सुरू होण्याआधीच्या दोन मात्रांत सगळं एक डेसिबल खाली सरकवलं. कुणाच्या लक्षात येत नाही, पण पुढचा फटका मोठा लागतो.

मिक्स हेडफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर, गाडीत आणि घाटकोपर-सीएसएमटी लोकलमध्ये इअरफोनवर ऐकून पाहिला. लोकलमध्ये शांत कडवी गायब होतात आणि सगळं वर उचलावंसं वाटतं. उचलायचं नाही. फक्त गायकाचा आवाज दीड डेसिबल वर घेतला आणि गिटारमध्ये 2,000 ते 4,000 हर्ट्झला त्याच्यासाठी थोडी जागा केली. शब्द कळतात, तळ जागेवर राहतो.

शांत भाग उणे 27 एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप), मोठा उणे 11, अख्खा अल्बम उणे 15. ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, उणे 1. स्पॉटिफाय उणे 14ला आणून वाजवतं, ॲपल म्युझिक उणे 16ला. लिमिटरने उणे 8पर्यंत ढकललं असतं तर तिथे ते परत खालीच ओढलं गेलं असतं, आणि शांत भागाबरोबर वर आलेला खोलीचा नॉइज मात्र तसाच राहिला असता. अल्बम सलग ऐकला तर या सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज सारखाच वर-खाली करतात, त्यामुळे दोन गाण्यांमधलं अंतरही शाबूत राहतं.

24 नोव्हेंबर, रविवार

क्रम ठरला. 33⅓च्या 12 इंची एलपीवर एका बाजूला 19 मिनिटं, म्हणजे आवाज न दाबता मावतं. तबकडीच्या आतल्या खाचांत सुईला दर सेकंदाला कमी लांबी मिळते, स आणि श तिथे चरचरतात. म्हणून बोललेलं गाणं कुठल्याच बाजूच्या शेवटी नाही. 'स्पायडरलँड'चा शेवट मात्र दुसऱ्या बाजूच्या टोकाला, सगळ्यात मोठ्या ओरडण्यावर होतो. ते धाडस आपण केलेलं नाही. बाजू 'अ'च्या शेवटी सातातलं गाणं, बाजू 'ब'च्या शेवटी वाद्यांचं शांत गाणं.

एलपीसाठी वेगळी फाइल: लिमिटर नाही, 150 हर्ट्झच्या खाली मोनो, 24 बिट. स्ट्रीमिंगसाठी 24 बिट 48 किलोहर्ट्झ आणि डिदर करून (बिट कमी करताना बारीक नॉइज मिसळून) 16 बिट 44.1. तिसरं-चौथं गाणं एकमेकांत मिसळतं, त्याचा काप बेस ड्रमच्या ठोक्याच्या नेमका आधी घेतला. गुंजनाच्या मधे कापलं तर शफलमध्ये टिचकी ऐकू येते.

आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड) प्रत्येक गाण्याला वेगळा, बारा अक्षरी. नावं देवनागरीत, भाषा मराठी. भाषेच्या रकान्यात आपोआप हिंदी येतं, ते बदलून मगच पुढे जायचं.

टेस्ट प्रेसिंग (एलपीची चाचणी प्रत) आल्यावर आधी तपासायचं ते दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं. तिथे 17 ऑक्टोबरच्या टेकमधला सगळ्यात शांत अर्धा मिनिट आहे. खाचेची खरखर त्याच्या वर आली तर लेव्हल दीड डेसिबल वाढवून पुन्हा कटिंग मागायचं. तेवढी जागा 19 मिनिटांत आहे.